मोहोराचे ड्रोनचित्रण : फिल्टरची निवड आणि संथ उड्डाण

मलिहाबाद येथील एका जुन्या दशहरी बागेवर फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात घेतलेली साडेतीन मिनिटांची एक चित्रफीत माझ्या संग्रही आहे. ड्रोन झाडांच्या शेंड्यांवरून इतक्या संथपणे सरकतो की पाहणाऱ्याला यंत्राचे भान राहत नाही. पाने गडद, स्वच्छ हिरवी दिसतात. त्यांवर उन्हाची चकाकी नाही. मोहोराचे तुरे ठळक उठून दिसतात. प्रशिक्षणवर्गात ही चित्रफीत दाखविली की तिचे हमखास कौतुक होते. याच चित्रफितीच्या आधारे मी त्या बागेच्या मालकांना कळविले होते की, पानांवर तुडतुड्यांच्या चिकट स्रावाची खूण दिसत नाही, आठवडाभर थांबण्यास हरकत नाही. चौथ्या दिवशी त्यांचा दूरध्वनी आला : “डॉक्टर साहब, जरा आकर देखिए, बाग में जाता हूँ तो कुरता चिपकता है.”

बागेत पोहोचलो तेव्हा खालच्या फांद्यांची पाने बोटांना चिकटत होती आणि झाडाखालचा पालापाचोळाही ओलसर चमकत होता. तुऱ्याखाली पांढरा कागद धरून तुरा हलकेच झटकला, तर कागदावर तुडतुड्यांची पिल्ले पडली. उत्तर प्रदेशात याच किडीला ‘भुनगा’ म्हणतात. ही चमक चार दिवसांपूर्वीच्या चित्रफितीत का दिसली नाही, याचे उत्तर शोधण्यास फार वेळ लागला नाही. ती मीच पुसून टाकली होती. कॅमेऱ्याच्या भिंगावर ध्रुवण फिल्टर, म्हणजे आपण ज्याला पोलरायझर म्हणतो तो, चढविलेला होता. आणि पृष्ठभागावरील चकाकी घालविणे हेच तर त्याचे काम आहे. पुढे त्या बागेच्या दोन रांगांत काजळी चढली आणि तेथील मोहोराचा बराच भाग वाया गेला.

हल्ली अनेक कृषी विज्ञान केंद्रांकडे आणि काही प्रगतिशील शेतकऱ्यांकडे चित्रीकरणाचे छोटे ड्रोन आले आहेत. त्यांच्यासाठी उपलब्ध असलेले मार्गदर्शन बहुतांशी निसर्गदृश्ये आणि लग्नसमारंभ डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असते. ते चुकीचे नाही. परंतु बागेचे चित्रण करताना आपण एकाच वेळी दोन निरनिराळी कामे करीत असतो. एक, शेतकऱ्यांना दाखविण्यासाठी सुरेख, डोळ्यांना न खुपणारी फीत तयार करणे; आणि दुसरे, झाडाची अवस्था ओळखता येईल असे चित्र मिळविणे. या दोन कामांसाठी फिल्टर, शटर आणि वेग यांच्या अपेक्षा परस्परविरोधी आहेत, हे ध्यानात न घेतल्याने माझ्याप्रमाणेच इतरांचीही फसगत होऊ शकते.

बागेचे स्वरूप

मलिहाबाद हा लखनौ जिल्ह्यातील तालुका. ‘मलिहाबादी दशहरी’ या नावाने येथील आंब्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. दशहरीचे मूळ झाड ज्या दशहरी गावात दाखविले जाते, ते काकोरीजवळ आहे. मराठी वाचकाला काकोरी आठवते ती १९२५ च्या रेल्वे प्रकरणामुळे. फळबागेच्या क्षेत्रातील मंडळींना ती आठवते रहमानखेडा येथील केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेमुळे. १९७२ साली आंबा संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली ही संस्था आज भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अखत्यारीत स्वतंत्रपणे कार्य करते.

येथील पुष्कळ बागा जुन्या आहेत. झाडे दहा-बारा मीटर व त्याहूनही उंच गेलेली, शेजारच्या झाडांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या आणि खाली दुपारीही सावली. तुडतुड्यांना अशी दाट, दमट, अंधारी बाग मानवते. हंगाम नसताना ते खोडाच्या सालीच्या फटींत राहतात आणि मोहोर येताच तुऱ्यांकडे वळतात. म्हणूनच अतिजुन्या झाडांची छाटणी करून पुनरुज्जीवन करण्यावर रहमानखेड्याच्या संस्थेने भर दिला आहे. ड्रोनच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, किडीचे मुख्य वसतिस्थान छत्रीच्या आत आणि खालच्या बाजूस आहे, आणि कॅमेरा मात्र वरून पाहतो आहे. ड्रोनने तुडतुडे मोजता येतील, ही अपेक्षा कोणीही बाळगू नये.

नेमके काय दिसते, हे साध्या हिशेबाने ठरविता येते. सर्वसाधारण छोट्या ड्रोनच्या रुंद भिंगातून दहा मीटर अंतरावरून सुमारे पंधरा मीटर रुंदीचा पट्टा फ्रेममध्ये येतो. ४के चित्राची रुंदी ३८४० बिंदूंची असते. म्हणजे एका बिंदूत सुमारे चार मिलिमीटर मावतात. तुडतुड्याची लांबी साधारण तेवढीच, चार ते पाच मिलिमीटर. तो चित्रात एक ठिपकाही धड होत नाही. मोहोराचा पंचवीस सेंटिमीटरचा तुरा मात्र साठ बिंदू व्यापतो आणि व्यवस्थित ओळखता येतो. पाने एकत्र गुंडाळून जाळी करणाऱ्या अळीची वाळलेली घरटी, काजळी चढलेल्या फांद्या, शेंड्याकडून वाळत आलेली डहाळी, झाडाच्या एकाच बाजूस आलेला मोहोर हे सारे या अंतरावरून चांगले दिसते. तीस मीटर वर गेलो की एका बिंदूत बारा मिलिमीटर येतात. तेथून बागेचा नकाशा मिळतो, निदान होत नाही.

एनडी फिल्टर : सौंदर्याची किंमत

एनडी फिल्टर म्हणजे भिंगाचा काळा चष्मा. तो रंग न बदलता प्रकाश कमी करतो. एनडी८ आठव्या हिश्शाएवढा, एनडी१६ सोळाव्या हिश्शाएवढा, तर एनडी६४ चौसष्टाव्या हिश्शाएवढा प्रकाश आत सोडतो. त्याची गरज का पडते? बहुतेक छोट्या ड्रोनच्या भिंगाचे छिद्र एफ/२.८ किंवा त्याहून मोठे असून ते लहान करता येत नाही. भर उन्हात आयएसओ १०० ठेवले तरी योग्य प्रकाशनासाठी शटर १/३००० सेकंदाच्या आसपास न्यावे लागते. अशा शटरने प्रत्येक फ्रेम वेगळी, कोरल्यासारखी धारदार येते आणि फीत चालू झाली की हालचाल तुटक, थरथरती भासते. चित्रपटक्षेत्रातील जुना नियम असा की, सेकंदाला जितक्या फ्रेम, त्याच्या दुप्पट शटर ठेवावे. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर १/५०. १/३२०० वरून १/५० वर येण्यासाठी प्रकाश चौसष्टाव्या हिश्शावर आणावा लागतो, म्हणजेच एनडी६४ लागतो. हलक्या ढगाळ हवेत एनडी१६ पुरतो. सकाळी उशिरापर्यंत धुके रेंगाळत असेल तर एनडी८ किंवा काहीच नाही.

१/५० च्या शटरने पंख्यांच्या कंपनामुळे चित्रात येणारी लाटांसारखी थरथरही पुष्कळ झाकली जाते. प्रशिक्षणवर्गात मोठ्या पडद्यावर दाखविण्याच्या फितीसाठी माझी एनडी फिल्टरला पूर्ण संमती आहे.

आता हाच हिशेब कीटकशास्त्राच्या बाजूने पाहू. ड्रोन सेकंदाला तीन मीटर वेगाने जात असेल, तर १/५० सेकंदात तो सहा सेंटिमीटर पुढे सरकतो. दहा मीटरवरून एका बिंदूत चार मिलिमीटर मावतात, हे आपण पाहिलेच. म्हणजे प्रत्येक पान आणि प्रत्येक तुरा पंधरा बिंदूंएवढा फासटला जातो. फीत चालू असताना डोळ्यास हे जाणवत नाही, उलट ती मऊसूत वाटते. परंतु फीत थांबवून एखादी फ्रेम मोठी करून पाहू गेल्यास हाती धूसर हिरवा गोळाच लागतो. वेग सेकंदाला एक मीटर केला आणि शटर १/१००० ठेवले, तर सरकणे एक मिलिमीटर, म्हणजे एका बिंदूहूनही कमी. वाऱ्याने हलणारे तुरेही मग स्थिर मिळतात. तेव्हा निदानासाठीच्या फेरीत एनडी फिल्टर काढून ठेवावा किंवा फार तर एनडी४ वापरावा, आणि फीत पाहताना तुटक वाटली तरी चालवून घ्यावी. ती पाहण्यासाठी नाही, थांबवून वाचण्यासाठी आहे.

स्वयंचलित प्रकाशन दोन्ही फेऱ्यांत बंद असावे. गडद छत्रीवरून ड्रोन कोरड्या, फिकट जमिनीच्या पट्ट्यावर आला की कॅमेरा आपणहून चित्र काळवंडवितो आणि त्याच क्षणी शेजारच्या निरोगी झाडाच्या सावल्या काजळीसारख्या दिसू लागतात. छत्रीच्या मध्यम उजेडाच्या भागावर प्रकाशन ठरवून ते कुलूपबंद करावे. मोकळी जमीन थोडी पांढरी पडली तरी बिघडत नाही.

ध्रुवण फिल्टर : काय दिसते आणि काय लपते

आंब्याच्या पानाला मेणाचा पातळ थर असतो. तिरप्या कोनातून येणारा प्रकाश या थरावरून परावर्तित होताना बऱ्याच अंशी ध्रुवित होतो. पानाच्या पृष्ठभागाशी काटकोनात असलेल्या रेषेपासून सुमारे पंचावन्न अंशांच्या आसपास हा परिणाम सर्वाधिक असतो. ध्रुवण फिल्टर हा परावर्तित प्रकाश अडवितो आणि पानाच्या आतील रंग उघडा पडतो. यामुळे हिरवा अधिक खरा दिसतो, पिवळेपणा लवकर लक्षात येतो आणि काजळीचा काळा थर तर उघड्या भिंगापेक्षा कितीतरी स्पष्ट होतो, कारण एरवी काजळी चढलेले पानही उन्हात चमकते व निरोगी वाटते.

परंतु तुडतुड्यांचा प्रादुर्भाव काजळीपासून सुरू होत नाही. पिल्ले व प्रौढ तुऱ्यांतील रस शोषतात, गोड चिकट स्राव खालच्या पानांवर पडतो, आणि काही दिवसांनी त्या स्रावावर काळी बुरशी वाढते. कोकणात यालाच ‘खार पडणे’ म्हणतात. उपाययोजनेचा खरा काळ आहे तो स्राव आणि बुरशी यांच्या मधला. आणि त्या काळात वरून दिसू शकणारी खूण एकच, ती म्हणजे पानांची अवाजवी चमक. ध्रुवण फिल्टर नेमकी तीच खूण काढून टाकतो. उशिराचे लक्षण अधिक स्पष्ट आणि लवकरचे लक्षण नाहीसे, असा हा सौदा आहे.

म्हणून आता आम्ही एकाच मार्गावर दोन फेऱ्या करतो. पहिली उघड्या भिंगाने, कॅमेरा क्षितिजापासून चाळीस-पन्नास अंश खाली झुकवून, पाने कोरडी झाल्यावर. दुसरी ध्रुवण फिल्टर चढवून. दोन्ही फिती शेजारी शेजारी लावून पाहिल्या की जी झाडे पहिल्या फितीत शेजाऱ्यांहून जास्त चमकतात आणि दुसऱ्या फितीत सामान्य दिसतात, त्यांची यादी होते. ही यादी म्हणजे प्रादुर्भाव नव्हे. दव पडलेले पानही चमकते, नुकतेच धुतलेले पानही चमकते. यादीतील झाडांखाली जाऊन पांढरा कागद धरावाच लागतो.

हा फिल्टर वापरताना आणखी एक अडचण येते. हातातील कॅमेऱ्यावर तो फिरवून परिणाम कमीजास्त करता येतो. ड्रोन हवेत गेल्यावर ती सोय राहत नाही. सूर्याशी काटकोन असताना परिणाम सर्वाधिक, सूर्याकडे तोंड किंवा पाठ असताना जवळपास शून्य. झाडाभोवती घिरटी घालून चित्रण केले तर एकाच झाडाची पाने अर्ध्या वर्तुळात गडद आणि उरलेल्या अर्ध्यात फिकट दिसतात, व पाहणाऱ्याला झाडाची एक बाजू आजारी वाटते. ध्रुवण फिल्टर असताना सरळ रेषेतच उडावे आणि परतीच्या रांगेत ड्रोन वळविण्याऐवजी तोंड त्याच दिशेला ठेवून मागे उडवावा. शिवाय हा फिल्टर निम्म्याहून अधिक प्रकाश खातो, ते शटर ठरविताना धरून चालावे.

अतिनील फिल्टरबद्दल विचारणा होते. त्याने चित्रात सुधारणा होत नाही. भिंगावर धूळ व फवाऱ्याचे थेंब बसू नयेत एवढाच त्याचा उपयोग. कोणताही फिल्टर ड्रोन सुरू करण्यापूर्वी बसवावा. गिंबलची मोटर सुरू होताना स्वतःचा तोल तपासते. नंतर वजन वाढले तर ती ताणली जाते. स्वस्त, जड फिल्टरमुळे क्षितिज तिरके येणे हा नेहमीचा अनुभव आहे.

रंगाची फसवणूक

दशहरीत, आणि हापूसमध्येही, एकाच झाडावर एका फांदीला मोहोर आणि दुसऱ्या फांदीला नवी पालवी असणे नित्याचे आहे. पालवी प्रथम तांबूस, मग फिकट पिवळसर-हिरवी असते. वरून पाहताना ती सहज रोगट वाटू शकते. त्यात कॅमेऱ्याचा पांढऱ्या रंगाचा समतोल स्वयंचलित ठेवला असेल, तर संकट वाढते. फ्रेममध्ये तपकिरी जमीन जास्त आली की कॅमेरा चित्र निळसर करतो, हिरवेच हिरवे आले की त्यात किरमिजी छटा मिसळतो. पंधरा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन फितींत बाग पिवळी पडल्याचा भास मलाही झाला आहे. प्रत्यक्षात कॅमेऱ्याने रंग निराळे धरले होते. समतोल ५५०० केल्व्हिनवर कायम करावा, ‘उठावदार’ रंगशैली बंद ठेवावी आणि उड्डाणाच्या आरंभी जमिनीवर ठेवलेल्या करड्या पुठ्ठ्याचे पाच सेकंद चित्रण करावे. छायाचित्रणाच्या दुकानात असा पुठ्ठा मिळतो. फिल्टरनिहाय रंगात किंचित फरक पडतो, तो या पुठ्ठ्यावरून ओळखता येतो.

वेळेचाही विचार हवा. ‘दुपारी बाराला चित्रण’ असे ठरविले तरी मलिहाबादला आणि रत्नागिरीला सूर्य सारख्या ठिकाणी नसतो. फेब्रुवारीच्या मध्यास मलिहाबादला सूर्य मध्यान्हीला येतो सुमारे १२ वाजून २० मिनिटांनी. रत्नागिरीला १२ वाजून ५० मिनिटांनी. त्या वेळी मलिहाबादला तो क्षितिजावर सुमारे पन्नास अंश, तर रत्नागिरीला साठ अंश असतो. तुलना करावयाची असेल तर घड्याळाऐवजी मध्यान्हापासूनचे अंतर सारखे ठेवावे. आमच्या अनुभवात मध्यान्हापूर्वीचा दीड तास चांगला. त्यापूर्वी उत्तरेत धुके आणि दव, कोकणातही दव. सूर्यास्तापूर्वीचा सोनेरी प्रकाश प्रसिद्धिफितीसाठी राखून ठेवावा, निदानासाठी तो निरुपयोगी आहे. त्या प्रकाशात प्रत्येक झाड मोहोरलेले दिसते. पातळ ढगाळ दिवस मात्र काजळी आणि वाळलेली डहाळी पाहण्यास फार उत्तम.

संथ उड्डाण

फितीत धक्के येतात ते बहुधा बोटांमुळे. बहुतेक ड्रोनमध्ये तीन गती असतात. त्यांपैकी सर्वांत संथ, चित्रीकरणासाठीची गती निवडावी. ज्यात दांडीची संवेदनशीलता कमी करता येते, तेथे वळण्याची आणि गिंबल झुकविण्याची गती निम्म्याने उतरवावी. दांडी अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरल्यास ती हळूहळू ढकलता येते. केवळ अंगठ्याने धक्का बसतो. एका वेळी एकच हालचाल हा नवशिक्याने पाळावयाचा नियम. पुढे जाणे, वळणे आणि कॅमेरा झुकविणे ही तिन्ही एकत्र साधण्यास वर्षभराचा सराव लागतो, आणि बागेच्या निरीक्षणात त्याची गरजही पडत नाही. चित्रीकरण सुरू करून पाच सेकंद स्थिर राहावे, मग निघावे; शेवटीही तसेच. संपादन करणारा मनुष्य या पाच सेकंदांसाठी दुवा देतो.

वारा असल्यास वाऱ्याच्या दिशेने किंवा त्याविरुद्ध उडावे. आडव्या वाऱ्यात ड्रोन सतत तिरका होऊन स्वतःला सावरतो आणि गिंबलची मर्यादा संपली की फ्रेम हिसका खाते. मलिहाबादला मार्चअखेर दुपारनंतर कोरडा पश्चिमी वारा सुटला की आम्ही ड्रोन पेटीत ठेवतो.

उंचीबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण येथे महाराष्ट्रातील वाचकाची परिस्थिती वेगळी आहे. पडद्यावर दिसणारी उंची उड्डाणस्थानापासूनची असते, झाडाच्या शेंड्यापासूनची नव्हे. मलिहाबाद सपाट आहे. झाड बारा मीटर, ड्रोन बावीस मीटर, म्हणजे अंतर दहा मीटर, आणि ते रांगेच्या शेवटापर्यंत तसेच राहते. कोकणातील बाग उतारावर असते. पायथ्याशी बावीस मीटरवर निघालेला ड्रोन वर चढत्या कलमांवरून सरळ गेला, तर जमीन दहा मीटर उंचावताच तो शेंड्यांना टेकतो. तेथे उतारावर वरखाली न उडता समपातळीच्या रेषेत, म्हणजे उताराला आडवे उडावे आणि प्रत्येक रांगेला उंची पुन्हा ठरवावी. उड्डाण शक्यतो बागेच्या वरच्या टोकापासून करावे. परतीची स्वयंचलित उंची सर्वांत उंच झाड व विजेचा खांब यांच्याहून पुरेशी जास्त ठेवावी. अडथळा ओळखणारे संवेदक तारा आणि बारीक वाळक्या फांद्या ओळखत नाहीत, यावर विसंबून मी एक पंखा गमावला आहे.

शेंड्यापासून आठ-दहा मीटरपेक्षा जवळ जाऊ नये. पंख्यांच्या झोताने तुरे हलतात, चित्र बिघडते. फुलोऱ्यावर बसलेल्या माश्या व मधमाश्या उडतात. आंब्याचे परागीभवन मुख्यतः याच कीटकांवर अवलंबून आहे, तेव्हा पूर्ण फुलोऱ्यात घिरट्या कमी ठेवाव्यात. जवळून चित्र हवे असल्यास खाली उतरण्यापेक्षा दूरवरचे पाहणारे भिंग असलेला ड्रोन वापरावा किंवा सरळ शिडी आणावी. शिडी हे अजूनही कमी लेखले जाणारे उपकरण आहे.

उत्तरेत हिवाळ्याच्या अखेरीस घारींचा विणीचा काळ असतो आणि जुन्या आंब्यांवर त्यांची घरटी असतात. घार ड्रोनवर झेपावल्यास तो वेगाने सरळ वर न्यावा. ती खालून वर चटकन येऊ शकत नाही. लखनौकडे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी ‘जमघट’ असतो, आकाश पतंगांनी भरून जाते. आपल्याकडे हेच संक्रांतीला. तुटलेला मांजा झाडांत महिनोन्‌महिने लोंबत राहतो आणि कोणत्याही पडद्यावर दिसत नाही. उड्डाणापूर्वी बागेतून एक फेरी पायी मारावी, यासाठी एवढे कारण पुरे.

नियम आणि संमती

ड्रोन नियम २०२१ नुसार उड्डाणापूर्वी ड्रोनची नोंदणी व ओळख क्रमांक आवश्यक आहे. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनसाठी, तसेच दोन किलोपर्यंतच्या ड्रोनच्या अव्यावसायिक वापरासाठी वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडता येते. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. प्रत्येक वेळी अधिकृत नकाशा पाहूनच निघावे, क्षेत्रे बदलतात.

नियमांत न लिहिलेली एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. मलिहाबादला काय आणि कोकणात काय, अनेक बागा फळ येण्यापूर्वीच ठेकेदाराला दिल्या जातात. भाव ठरतो तो मोहोरावरून. अशा वेळी आपली फीत हा व्यवहारातील पुरावा होतो. सोनेरी प्रकाशात, संथ गतीने घेतलेला विरळ मोहोरही भरघोस वाटतो. कमी प्रकाशनात घेतलेली चांगली बागही उदास दिसते. बागमालकाच्या संमतीशिवाय चित्रण करू नये, शेजारच्या बागेची रांग फ्रेममध्ये येत असेल तर त्यांनाही विचारावे, आणि मोहोराच्या हंगामातील फीत मालकाला दिल्याशिवाय इतर कोणालाही पाठवू नये. बागेतच घर असेल तर अंगणावरून उडू नये, हे सांगण्याची आवश्यकता नसावी.

फितीची नोंद

प्रत्येक फितीच्या नावात तारीख, बागेचा क्रमांक, रांग, शेंड्यापासूनची उंची आणि फिल्टर यांचा उल्लेख असावा. ‘फिल्टर नाही’ हेही लिहावे. माझ्या त्या सुंदर फितीच्या नावात केवळ बागमालकांचे आडनाव होते. भिंगावर काय होते ते मला सामानाची पेटी उघडून, कोणती खोबण रिकामी आहे ते पाहून ठरवावे लागले. सोबत वहीत वारा, दव, शेवटच्या फवारणीची तारीख आणि फवारणीत स्टिकर होता की नाही, हे टिपावे.

शेवटच्या नोंदीचे कारण सांगतो. त्याच बागेवर पुढील हंगामात आम्ही दोन फेऱ्यांच्या पद्धतीने चित्रण केले. उघड्या भिंगाच्या फितीत ईशान्येच्या कोपऱ्यातील सात झाडे चमकत होती, ध्रुवण फिल्टरच्या फितीत ती इतरांसारखीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आणि मी कागद घेऊन सातही झाडांखाली गेलो. सहा झाडांच्या तुऱ्यांतून पिल्ले पडली. सातव्याखाली कागद कोराच राहिला. त्या झाडावर आदल्या संध्याकाळी उरलेले द्रावण संपविण्यासाठी गड्याने स्टिकर घातलेली फवारणी केली होती. फवारणी सहा झाडांपुरती आणि त्यांच्या लगतच्या रांगेपुरती झाली. उरलेल्या बागेला त्या आठवड्यात औषध लागले नाही.